मदत हवी आहे: कौन्सिलने अलॉटमेंट काढून घेतलंय, महिन्याची मुदत

मंडळी, इंग्लंडमध्ये अलॉटमेंट (भाज्या लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) करणारं कुणी आहे का इथे? माझ्याकडे बरो कौन्सिलचा (स्थानिक नगरपालिकेचा) अर्धा प्लॉट आहे (5 पोल, म्हणजे साधारण 125 चौरस मीटर), हे चौथं वर्ष. मे महिन्यात 'प्लॉट पडीक आहे, 28 दिवसांत साफ करा' असं पत्र आलं. मी तेव्हा आईच्या ऑपरेशनसाठी सांगलीला होतो; पत्र जूनअखेर हातात पडलं. आता थेट करार संपवल्याची एक महिन्याची नोटीस.

भाडं थकलेलं नाही. तीन चतुर्थांश जागा लागवडीखाली हवी अशी अट आहे. माझी निम्म्याहून थोडी जास्त आहे: बटाटे, फरसबी, मेथी. बाकीवर तण मरावं म्हणून काळं प्लास्टिक अंथरलंय, ते कौन्सिल लागवडीत धरत नाही. (शेजारच्या प्लॉटवर कमरेएवढं गवत आहे, पण ते असो.)

फोटो आणि विमानाची तिकिटं ईमेलने पाठवली. 'निर्णय कायम' एवढंच उत्तर आलं. करारात अपिलाचा उल्लेख नाही. नॅशनल अलॉटमेंट सोसायटीचा सभासद झालोय, उत्तराची वाट बघतोय. ओम्बड्समनकडे (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी) जाण्याआधी कौन्सिलची तक्रार प्रक्रिया पुरी करावी लागते, तोवर महिना सरेल. वकील परवडणार नाही.

1922 च्या अलॉटमेंट कायद्यातली 12 महिन्यांची नोटीस अटभंगाला लागू नाही आणि 1908 च्या अलॉटमेंट कायद्यात अटभंगासाठी महिन्याच्या नोटिशीची तरतूद आहे, हे वाचलंय. म्हणून नेमकं एवढंच विचारतो: पहिलं पत्र वेळेत मिळालं नाही या मुद्द्याला वजन असतं का, आणि तक्रार चालू असेपर्यंत प्लॉट दुसऱ्याला देणं कुणी थांबवून घेतलंय का, कुणाला लिहून?