बायको फिलिपिन्सची, भावकीचं बोलणं थांबत नाही: कायद्याने खरं काय आणि करायचं काय?

कृष्णाकाठ
राहणार सांगली. बायको फिलिपिन्सची, कॅथलिक. विशेष विवाह कायद्याखाली लग्न होऊन १४ महिने झाले. ती एंट्री व्हिसावर आहे आणि गरोदर आहे, आता पाचवा महिना चालू आहे. चुलते आणि भावकी तीन गोष्टी लावून धरतात: हिने नागरिकत्वासाठी लग्न केलं, तुझा वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा गेला, आणि मूल परदेशीच होणार. आईलाही आता ते खरं वाटायला लागलंय. यात तथ्य किती? तिच्या पाठीशी नीट उभं राहायचं तर काय काय करायला हवं?

नोंदवही
दादा, लग्न केल्याने कोणालाही भारताचं नागरिकत्व मिळत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारतीयाशी लग्न झालेल्या व्यक्तीला अर्ज करण्याआधी ७ वर्षं इथे वास्तव्य लागतं, त्यातले शेवटचे १२ महिने सलग. ओसीआय कार्डासाठीसुद्धा (परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहता येतं ते कार्ड, नागरिकत्व नव्हे) नोंदणी झालेलं लग्न किमान २ वर्षं टिकलेलं लागतं, म्हणजे तुम्हाला अजून १० महिने आहेत. घटस्फोट झाला तर ते कार्डही रद्द होतं. चुलत्यांना एवढंच सांगा.

बाळाचं मात्र मनावर घ्या. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेलं मूल, आईवडिलांपैकी एक भारतीय नागरिक असेल आणि दुसरं जन्माच्या वेळी बेकायदा राहत नसेल, तर जन्मतः भारतीय. ही दुसरी अट लोक विसरतात. बाळंतपणाच्या धावपळीत व्हिसाची तारीख उलटली तर प्रश्न बायकोपुरता राहत नाही, मुलाच्या नागरिकत्वापर्यंत जातो. तारीख आजच पासपोर्टात बघा. ती सातव्या ते दहाव्या महिन्याच्या आसपास येत असेल तर मुदतवाढीचा अर्ज ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी पोर्टलवर वेळेत टाका. बाळंतपणासाठी पत्ता बदलणार असाल तर तोही तिथे कळवावा लागतो. पुढे ओसीआयचा अर्ज टाकला म्हणून व्हिसा संपू देऊ नका, कार्ड हातात येईपर्यंत तो चालू हवा. आणि मुलाचा फिलिपिन्सचा पासपोर्ट काढायचा विचार असेल तर आधीच थांबा, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही.

बांधावरून
जमिनीबद्दल भावकी अर्धवट ऐकीव बोलतेय. विशेष विवाह कायद्याच्या कलम १९ नुसार अविभक्त कुटुंबातल्या हिंदूने या कायद्याखाली हिंदू, बौद्ध, शीख, जैन सोडून इतर धर्मातल्या व्यक्तीशी लग्न केलं तर तो कुटुंबातून विभक्त झाला असं धरतात. विभक्त म्हणजे बेदखल नव्हे. वाटणी झाल्यासारखा तुमचा हिस्सा वेगळा मोजला जातो, तो बुडत नाही. वारसाहक्क लग्नामुळे जात नाही हे पुढचंच कलम सांगतं. घाईघाईत हक्कसोडपत्रावर सही मात्र करू नका. 'नाहीतरी तुझं गेलंच आहे' असं म्हणत तो कागद पुढे येतो.

खरा फरक वेगळ्याच ठिकाणी पडतो. तुमच्या पश्चात तुमच्या मालमत्तेला आता १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू. त्यात बायकोला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश. मूल असेल तर आईवडिलांना त्यात काहीच नाही. हिंदू वारसा कायद्यात आईला बायकोमुलांच्या बरोबरीने हिस्सा असतो, तो इथे नाही. म्हणून मृत्युपत्र करा आणि आईसाठी काय ठेवायचं ते त्यात लिहा. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नसली तरी करून ठेवा. आईच्या मनातली भीती बहुतेक हीच असणार, ती कागदावरच मिटवा.

मधलं नाव
एक चूक हमखास होते. फिलिपिन्समध्ये मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. आपल्याकडचा कारकून त्या जागी सवयीने नवऱ्याचं नाव घालतो. मग विवाह प्रमाणपत्र आणि पासपोर्ट यांतली नावं जुळत नाहीत आणि ओसीआयचा अर्ज अडकतो. प्रमाणपत्र आज काढून अक्षर न् अक्षर ताडून बघा. दवाखान्यातून जन्मनोंदीचा फॉर्म जाण्याआधी आईचं नाव पासपोर्टाप्रमाणेच लिहिलंय का तेही स्वतः वाचा. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असं त्यांच्याकडेही नाही, तेव्हा 'आमचं आडनाव का लावत नाही' या बोलण्याला बळी पडून अर्धवट बदल करू नका.

घरातलंही सांगते. तिच्याबद्दल कोणी वावगं बोललं की तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, मराठीत तुम्हीच उत्तर द्या. नंतर खोलीत जाऊन तिची समजूत घालू नका. तिला शब्द कळत नसले तरी तुम्ही गप्प बसलात हे कळतं. पंगतीत काय बोलणं चाललंय ते तिला तेव्हाच सांगत जा, नाहीतर सगळे हसले की ते आपल्यालाच हसले असं वाटतं. पासपोर्ट तिच्याच ताब्यात राहू द्या.

आणि त्यांच्याकडे 'मानो' असतं: धाकट्याने थोरांचा हात धरून आपल्या कपाळाला लावायचा. ती तुमच्या आईचा हात असा घेत असेल आणि 'ही वाकून नमस्कार करत नाही' असा अर्थ लागत असेल, तर तो नमस्कारच आहे हे आईला सांगा.

कृष्णाकाठ
प्रमाणपत्र काढून बघितलं. मधे माझंच नाव पडलंय. दुरुस्ती विवाह अधिकाऱ्याकडेच होते ना?

मधलं नाव
हो, जिथे नोंद झाली त्याच कार्यालयात. पासपोर्टाची प्रत, लग्नाआधी तुम्ही त्या कार्यालयात दिलेल्या मूळ नोटिशीची प्रत आणि दोघांचा अर्ज घेऊन जा. नोटिशीत नाव बरोबर असेल तर चूक कुठे झाली ते दाखवणं सोपं जातं. सातवा लागायच्या आत उरकून घ्या, नंतर तिला जिने चढायला लावू नका.