मदत हवी आहे: सॉफ्ट टिश्यूची (स्नायू, चरबी वगैरेंची) गाठ साधी की सारकोमा (म्हणजे कॅन्सरची), स्लाइडवर आधी काय बघायचं?

नमस्कार मंडळी. पॅथॉलॉजीत एमडी करतेय, दुसरं वर्ष. धागा काढायचं कारण म्हणजे गेल्या महिनाभरात मी दोन्हीकडून चुकले, एकदा साध्या गाठीला सारकोमा म्हटलं आणि एकदा सारकोमाला साधी गाठ, आणि तेव्हापासून स्पिंडल सेल (चातीसारख्या लांबट पेशी) दिसल्या की हातच थांबतो. दोन्ही वेळा रिपोर्ट बाहेर जायच्या आत सीनियरांच्या लक्षात आलं म्हणून निभावलं, पण उद्या खाली सही माझी असणार आहे.

पहिली स्लाइड कोपर आणि मनगटाच्या मधल्या गाठीची, जेमतेम दीड सेंटिमीटर. मी थेट फॉर्टी एक्सवर (मोठ्या भिंगावर) गेले. पेशी टपोऱ्या, न्यूक्लिओलाय (न्यूक्लियसमधले ठिपके) ठसठशीत, आणि मायटोसिस (विभागणाऱ्या पेशी) तर इतके की फील्ड जरा सरकवलं की अजून एक सापडायचा. वहीत 'स्पिंडल सेल सारकोमा, हाय ग्रेड' लिहिलं आणि स्लाइड सरांकडे नेली. त्यांनी स्लाइड स्टेजवर ठेवायच्या आधीच विचारलं, "गाठ किती दिवसांची आहे?" फॉर्मवर लिहिलेलं होतं, अडीच आठवडे. मी फॉर्म वाचलाच नव्हता. नोड्युलर फॅसायटिस निघालं ते, म्हणजे साधी गाठ. मग सरांनी शेजारी बसवून दाखवलं की पेशी कशा सैल, पिसांसारख्या पसरल्यात, मधे मिक्सॉइड (जेलीसारख्या) मोकळ्या जागा आहेत, रक्तवाहिनीच्या बाहेर सांडलेल्या आरबीसी आहेत, थोडे लिम्फोसाइट आहेत, आणि मायटोसिस ढीगभर असले तरी त्यातला एकही वेडावाकडा नाही. आयएचसीत (पेशींमधली प्रथिनं, म्हणजे मार्कर, रंगवून ओळखायची चाचणी) एसएमए पॉझिटिव्ह, डेस्मिन आणि एस१०० निगेटिव्ह. ही गाठ झपाट्याने वाढते आणि मग आपली आपण थांबते, पुष्कळदा विरूनही जाते. २०११ साली तिच्यात एमवायएच९-यूएसपी६ हे फ्यूजन (दोन जीन जोडले जाणं) सापडलं, तोवर तिला निव्वळ रिअॅक्टिव्ह, म्हणजे शरीराची नुसती प्रतिक्रिया समजायचे.

हे इतकं मनावर घेतलं की दुसऱ्या स्लाइडला उलट झालं. मांडीतली खोल गाठ, ७ सेंटिमीटर, दोन वर्षांपासून हळूहळू वाढणारी, त्याची कोअर बायॉप्सी (सुईने काढलेला तुकडा). पेशी बारीक, शांत, एकसारख्या, मायटोसिस शोधून एक मिळाला. कोलॅजन आणि मिक्सॉइड भाग. मी लिहिलं 'बिनाइन, न्यूरोफायब्रोमा वाटतो', म्हणजे नसेची साधी गाठ. एस१०० निगेटिव्ह आला, सीडी३४ पण निगेटिव्ह, तरी मी बिनाइनवरच अडून बसले, कारण ईएमए थोडासा पॉझिटिव्ह होता आणि डोक्यात पेरिन्यूरिओमा (नसेच्या आवरणाची साधी गाठ) आला. मॅडमनी म्यूक४ हा मार्कर लावायला सांगितलं. सगळ्या पेशी तपकिरी, म्हणजे पॉझिटिव्ह. लो ग्रेड फायब्रोमिक्सॉइड सारकोमा. दिसायला इतका सभ्य ट्यूमर आणि फुप्फुसात मेटास्टॅसिस करतो (पसरतो), तोही कधीकधी दहा-पंधरा वर्षांनी किंवा त्याहून उशिरा, हे वाचल्यावर रात्री झोप लागली नाही खरंच.

आता माझा गोंधळ असा आहे की जनरल पॅथॉलॉजीत आपण शिकतो प्लिओमॉर्फिझम (पेशी वेगवेगळ्या आकारांच्या असणं), मायटोसिस, नेक्रोसिस (टिश्यू मरणं) म्हणजे मॅलिग्नंट (कॅन्सर), आणि इथे तो हिशोबच लागत नाही. जुन्या श्वानोमात (नसेच्या गाठीत) न्यूक्लियस राक्षसी दिसतात तरी तो बिनाइन, प्लिओमॉर्फिक लायपोमात (चरबीच्या गाठीत) फुलासारख्या जायंट सेल असतात तरी बिनाइन, आणि वर सांगितलेला सारकोमा मात्र निरागस. शिवाय डब्ल्यूएचओच्या वर्गीकरणात बिनाइन आणि मॅलिग्नंटच्या मधे इंटरमीडिएट आहे आणि त्यातही दोन कप्पे, डेस्मॉइडसारखे जागच्या जागी उच्छाद मांडणारे पण मेटास्टॅसिस न करणारे, आणि क्वचित मेटास्टॅसिस करणारे. मग स्लाइड हातात आली की क्रम काय ठेवायचा? फ्रेंच ग्रेडिंगची बेरीज करून बिनाइन-मॅलिग्नंट ठरवता येतं का? आणि आयएचसीचं पॅनल मागवताना अंदाधुंद दहा मार्कर न मागवता विचार कसा करायचा? जाणकारांनी प्लीज सविस्तर लिहा, बेसिक प्रश्न असेल तरी चालेल.

स्लाइडबॉक्स:
प्रश्न बेसिक नाहीये, बरीच वर्षं रिपोर्टिंग करूनही या गाठी आम्हाला थांबवतात. आधी ग्रेडिंगचं बोलतो कारण तिथे मोठी गफलत आहे. एफएनसीएलसीसी, म्हणजे तुम्ही म्हणता ते फ्रेंच ग्रेडिंग, हे साधी की सारकोमा हे ठरवण्यासाठी नाहीच. गाठ सारकोमा आहे हे नक्की झाल्यावर तो किती आक्रमक आहे ते सांगण्यासाठी आहे. डिफरन्शिएशनला (पेशी मूळ टिश्यूशी किती मिळत्याजुळत्या) १ ते ३, मायटोसिसला १ ते ३, नेक्रोसिसला ० ते २, बेरीज २-३ आली तर ग्रेड १, ४-५ तर ग्रेड २, ६ ते ८ तर ग्रेड ३. तुमच्या नोड्युलर फॅसायटिसला ही बेरीज लावली तर ती कुठल्या कुठे जाईल, आणि त्याला काही अर्थ नसेल.

मायटोसिस मोजताना अजून एक. १० हाय पॉवर फील्डमध्ये ९ पर्यंत, १० ते १९, आणि २० किंवा त्याहून जास्त अशा पायऱ्या आहेत, पण तिथलं फील्ड ०.१७३४ चौरस मिलिमीटरचं धरलंय. तुमच्या आयपीसवर फील्ड नंबर (दिसणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाचा आकडा) बघा. २२ असेल तर फॉर्टी एक्सला एक फील्ड साधारण ०.२४ चौरस मिलिमीटर होतं, म्हणजे सातेक फील्डमध्येच तेवढं क्षेत्रफळ भरतं. १० मोजलीत तर उगाच ग्रेड वर जाईल.

क्रमाचं म्हणाल तर फॉर्म आधी, म्हणजे वय, जागा, खोली, आकार, किती दिवसांत वाढली. मग स्लाइड नुसती हातात धरून उजेडात बघा, खरंच बघा, गाठीची कड गोल आहे की शेजारच्या स्नायूत बोटं घुसवल्यासारखी आहे ते तिथेच दिसतं. मग स्कॅनर, म्हणजे सगळ्यात छोटं भिंग. पेशी कशा रचल्यात, मधला पदार्थ काय आहे, रक्तवाहिन्या कशा आहेत. हरणाच्या शिंगांसारख्या फाटे फुटलेल्या वाहिन्या दिसल्या तर सॉलिटरी फायब्रस ट्यूमर आठवला पाहिजे. न्यूक्लियस सगळ्यात शेवटी.

मार्कर मागवताना स्वतःला एक प्रश्न विचारा, हे उत्तर आल्यावर माझं निदान बदलणार आहे का? सॉलिटरी फायब्रस वाटला तर स्टॅट६, डेस्मॉइड वाटला तर न्यूक्लियसमधला बीटा-कॅटेनिन, तुमच्या केससारखं असेल तर म्यूक४. नुसता एसएमए पॉझिटिव्ह म्हणजे काहीच नाही, तो निम्म्या स्पिंडल सेलना येतो.

मायक्रोटोम:
वरच्या प्रतिसादात चरबीच्या गाठी राहिल्या आणि माझ्या मते खरी फसगत तिथेच होते. रेट्रोपेरिटोनियममधली (पोटाच्या मागच्या भागातली) चरबीची मोठी गाठ आली की लायपोमा हा शब्द मनातसुद्धा आणू नका, आधी वेल डिफरन्शिएटेड लायपोसारकोमा (चरबीसारखा दिसणारा सारकोमा) नाही हे सिद्ध करा. लायपोब्लास्ट (अपक्व चरबीपेशी) शोधत बसू नका, ते असलेच पाहिजेत असं काही नाही. फायब्रस पडद्यांमध्ये बघा, तिथे काळपट, मोठ्या न्यूक्लियसच्या चुकार पेशी असतात, पूर्ण स्लाइडवर चार-पाचच सापडतील. शंका आली की एमडीएम२ जीनची फिश टेस्ट (जीनच्या प्रती मोजायची). १२ नंबर क्रोमोसोमवरचं ते अॅम्प्लिफिकेशन (जादा प्रती) असेल तर लायपोमा बाद. आणि ग्रॉसिंगला (काढलेली गाठ बघून तुकडे घेताना) ढिलाई करू नका ताई, साधारण दर सेंटिमीटरला एक ब्लॉक, आणि चरबीत जिथे घट्ट पांढरट भाग लागेल तो आधी घ्या, डीडिफरन्शिएशन (जास्त आक्रमक झालेला भाग) तिथेच लपलेलं असतं.

सर्जन_दुसरीबाजू:
मी पॅथॉलॉजीचा नाही पण लिहितो. ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी किंवा फॅशियाखालची (स्नायूवरच्या पडद्याखालची) गाठ असेल तर आधी एमआरआय, मग कोअर बायॉप्सी, मग ऑपरेशन, हा क्रम आमच्याकडूनही मोडला जातो. लायपोमा समजून काढलेली गाठ सारकोमा निघाली की तोवर टिश्यूचे सगळे थर दूषित झालेले असतात आणि दुसरं ऑपरेशन कितीतरी मोठं होतं. तेव्हा फॉर्मवर माहिती नसेल तर बिनधास्त फोन करा, आम्हाला राग येत नाही. आणि नक्की सांगता येत नसेल तर तसंच लिहा, 'स्पिंडल सेल लीजन, मॅलिग्नन्सी नाकारता येत नाही' हे वाक्य आम्हाला चुकीच्या 'बिनाइन' पेक्षा हजारपटीने उपयोगी पडतं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी मांडीच्या केसची स्लाइड परत काढली आणि यावेळी स्कॅनरच्या पुढे गेलेच नाही. गुलाबी घट्ट पट्टा, मग फिकट निळसर मिक्सॉइड पट्टा, परत गुलाबी, आणि मिक्सॉइड भागात कमानीसारख्या वळलेल्या बारीक रक्तवाहिन्या. हे सगळं तेव्हाही तिथेच होतं. आयपीस पण बघितलं, फील्ड नंबर २२ आहे, म्हणजे आजवर मी ज्यादा मोजत आले.

एक शेवटचं, त्या पेशंटचं वाइड एक्सिजन (आजूबाजूच्या भागासकट काढलेली गाठ) पुढच्या आठवड्यात येतंय आणि ग्रॉसिंग माझ्याकडे आहे. मार्जिन (काढलेल्या तुकड्याची कड) कशी घेऊ?

स्लाइडबॉक्स:
कापायच्या आधी सर्जनना बोलवून दिशा समजून घ्या, मग सगळ्या बाजूंना शाई, वेगवेगळ्या रंगांची. जिथे ट्यूमर शाईच्या सगळ्यात जवळ आहे तिथून कडेला काटकोनात काप घ्या आणि अंतर आकड्यात लिहा, नुसतं 'मार्जिन फ्री' नको. जवळची कड फॅशियाची आहे की चरबीची तेही लिहा, कारण फॅशियाचा पातळ पडदासुद्धा चरबीपेक्षा जास्त अडवतो. बायॉप्सीची सुई गेली तो मार्ग नमुन्यात आला आहे का ते बघा, आणि गाठ उघडल्यावर फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचेल असे काप देऊन रात्रभर ठेवा, घाई करू नका.