आलेख फुटतो आणि पळतो

एकाने विचारलंय, लाटेकमध्ये (प्रबंध-लेख छापण्यासाठी मांडून देणारं सॉफ्टवेअर) आलेख पुसट का येतो अन् पुढच्या पानावर का पळतो. पुसट येतो कारण तो पीएनजी, म्हणजे ठिपक्यांनी बनलेलं चित्र आहे. मोठा केला की अक्षरं फुटतात. मॅटप्लॉटलिबमधून (पायथनमध्ये आलेख काढायचं साधन) सरळ पीडीएफ म्हणून सेव्ह करा, त्यात रेषा-अक्षरं फुटत नाहीत. फोटो मात्र जेपीजीच राहू द्या. नागपूरच्या मे महिन्यातल्या तापमानाचा आलेख प्रबंधात टाकताना मीही फसलो, अक्षावरचे ४५ अंश छापल्यावर ४६ वाटायचे!

पळणं ही चूक नव्हे, आकृती तरंगतीच असते, म्हणजे जागा मिळेल तिथे लाटेक ती ठेवतो. म्हणून 'खालील आकृती' लिहू नका, क्रमांकाने संदर्भ द्या. आणि लेबल (संदर्भासाठी आकृतीला दिलेलं नाव) कॅप्शननंतरच टाका, नाहीतर आकृतीऐवजी विभागाचा क्रमांक येतो. काय सांगू बाप्पा, एवढ्याशा गोष्टीपायी कूलरची घरघर ऐकत अख्खी रात्र जागलो.