हलक्या किट कारमध्ये कार्पेट बदलणे आणि आवाज कमी करणे : कोणते साहित्य घ्यावे आणि किती वजन वाढू द्यावे?

मुलुंडचा_सारथी

नमस्कार. माझ्याकडे पोलादी नळ्यांच्या चौकटीवर बांधलेली, फायबरच्या बॉडीची दोन आसनी किट कार (सुट्या भागांच्या संचातून जोडून बांधलेली गाडी) आहे. तिची रीतसर नोंदणी झालेली असून टाकी भरलेली असताना वजन ६२० किलोच्या आसपास भरते. तळाला आणि टनेलच्या (दोन आसनांमधल्या, गिअरबॉक्स झाकणाऱ्या उंचवट्याच्या) दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने बसवलेले आहेत. इंजिनाकडची भिंत आणि आसनांमागचा कप्पा मात्र फायबरचा आहे.

आधीच्या मालकाने घातलेले कार्पेट आणि त्याखालचा तागाचा नमदा यंदाच्या पावसाळ्यात पूर्ण कुजला. उचलून पाहिले, तर चालकाच्या टाचेखालचा नमदा बोटांनी दाबताच विरघळल्यासारखा तुटत होता आणि पत्र्यावर प्रत्येक रिव्हेटच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी जमली होती. ते सर्व काढून टाकल्यापासून गाडीत बोलणेही अवघड झाले आहे. ३००० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या) आसपास संपूर्ण गाडी घुमते, गिअरबॉक्सची शीळ टनेलमधून थेट कानावर येते आणि वाहतुकीत अडकल्यावर टनेलला लागणारी डाव्या पायाची नडगी भाजते.

ऑपेरा हाउसजवळच्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात चौकशी केली असता, सगळीकडे बुटाइलच्या (चिकट, रबरासारख्या) शीटचे दोन थर, त्यावर आवाज अडवणारे जड व्हिनाइल आणि त्यावर जाड कार्पेट असा सल्ला मिळाला. माझ्या हिशेबाने तीन चौरस मीटरसाठी कार्पेट सोडूनच हे वजन ३३ किलोच्या घरात जाते. गाडीचा हलकेपणा हाच तिचा प्राण असताना एवढा भार घालावा का, आणि मुंबईच्या पावसात टिकेल असे कार्पेट कोणते, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

ध्वनी_आणि_कंपन

तुम्हाला सांगितलेली पद्धत चौदाशे किलोच्या बंद सेडानसाठी ठीक आहे. तुमच्या गाडीत तिच्यामुळे वजन निश्चित वाढेल, आवाज मात्र त्या मानाने कमी होणार नाही. याचे कारण असे की तुम्ही वर्णन केलेले तीन त्रास तीन निरनिराळ्या मार्गांनी येतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

आधी घुमण्याचे पाहू. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा स्फोट होतो. म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला १०० स्फोट, अर्थात १०० हर्ट्झ. या आवाजाची हवेतील तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते. फोम किंवा नमदा आवाज चांगला शोषतो तो त्याची जाडी तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाजवळ पोहोचते तेव्हा, आणि इथे तो चौथा हिस्सा ८५ सेंटिमीटर होतो. दहा मिलिमीटरचा फोम किंवा कितीही भारी कार्पेट या आवाजाला काहीही करू शकणार नाही. त्यामुळे साहित्य विकत घेण्याआधी गाडी रॅम्पवर चढवून सायलेन्सरचे रबरी हँगर, इंजिनाची माउंटिंग आणि नळीचा एखादा क्लॅम्प चौकटीला टेकतो आहे का, हे तपासावे. चौकटीला टेकलेली एक्झॉस्टची नळी तळाच्या पत्र्यांना थेट हलवते आणि पत्रे तबल्याच्या पुडीसारखे वाजू लागतात.

बुटाइलच्या शीटचे खरे काम हेच, पत्र्याची थरथर जिरवणे. ती आवाज अडवत नाही. म्हणून ती सर्वत्र लावण्याची गरजच नसते. प्रत्येक सपाट पत्र्यावर बोटाच्या सांध्याने टिचकी मारून पाहा. जिथे पत्रा लांबत जाणारा टण् असा आवाज देतो, तिथे मधोमध एक तुकडा चिकटवा आणि पुन्हा टिचकी मारा. आवाज ठक् असा बसका झाला की थांबा. पातळ पत्र्याचा साधारण चौथा ते तिसरा भाग झाकला की बहुतेक फायदा पदरात पडतो. दोन मिलिमीटरची ॲल्युमिनियम पृष्ठाची बुटाइल शीट चौरस मीटरला सुमारे ३ किलो भरते, त्यामुळे तुमच्या तळाला आणि टनेलला मिळून दीड किलोत काम व्हावे.

गिअरबॉक्सची शीळ ही वरच्या पट्टीची आणि हवेतून येणारी असल्याने ती अडवता येते. इथे वजन उपयोगी पडते, पण त्यालाही मर्यादा आहे: भिंतीचे वजन दुप्पट केले तर सिद्धांताप्रमाणे अडवणूक सुमारे ६ डेसिबलने वाढते आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच हाती लागते. याउलट भिंतीच्या क्षेत्रफळाचा एक टक्का भाग जरी उघडा राहिला, तरी बाकीची भिंत कितीही जड असो, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जात नाही. त्यामुळे गिअर लिव्हरचा बूट, स्टिअरिंगचा दांडा, पेडल, वायरिंग जिथून येते ती भोके यांवर आधी लक्ष द्यावे. रात्री इंजिनाच्या कप्प्यात प्रखर टॉर्च लावून पायांच्या जागेत डोके घालून पाहिल्यास प्रत्येक फट उजेडाने दिसते. ग्रोमेट (भोकात बसवायचे रबरी कडे) आणि फटी बुजवणारे पॉलियुरेथेन सीलंट यांचे वजन काही ग्रॅम असते, आणि अशा गाडीत सर्वांत जास्त फरक बहुतेकदा त्यांनीच पडतो.

चिरा_बाजार_पत्राकाम

वरील मांडणीशी मी सहमत आहे. मी कार्पेट आणि ओल याबद्दल लिहितो, कारण मुंबईत गाडीचा तळ आवाजाने नव्हे, पाण्याने जातो. मुंबईतल्या सांताक्रूझच्या हवामान केंद्रात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,२०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, आणि उरलेले आठ महिने समुद्राची खारी हवा असतेच. तुम्हाला रिव्हेटभोवती दिसलेली पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज आहे. पोलादी नळी आणि ॲल्युमिनियमचा पत्रा एकमेकांना टेकलेले असताना त्यांच्यामध्ये खारट ओल आली की त्यातले ॲल्युमिनियम झिजते. ओला नमदा ती ओल महिनोन्‌महिने धरून ठेवतो. भुकटी नायलॉनच्या ब्रशने काढावी, लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये, कारण त्याचे कण पत्र्यात रुततात आणि तिथून पुन्हा सुरुवात होते. नंतर ॲल्युमिनियमला चालणारा इच प्रायमर (धातूला घट्ट पकडणारा पहिला थर), वर रंग, आणि सैल झालेले रिव्हेट बदलून सांध्यांवर सीलंट, एवढे झाल्याशिवाय वर काहीही घालू नये. तळाच्या सर्वांत खोल कोपऱ्यांत पाणी निघून जाण्यासाठी भोके नसतील तर ती पाडून रबरी बुचे बसवावीत.

अस्तर म्हणून ताग, कापूस किंवा उघड्या छिद्रांचा स्पंज पूर्णपणे टाळावा. बंद छिद्रांचा क्रॉसलिंक पॉलिएथिलीन किंवा नायट्राइल रबराचा फोम घ्यावा. तो पाणी पीत नाही आणि पॉलिएथिलीनचा सहा मिलिमीटरचा फोम चौरस मीटरला जेमतेम पाव किलो भरतो. नागदेवी स्ट्रीटवर रबर आणि गॅस्केटच्या दुकानांत तो मापाप्रमाणे कापून मिळतो. खात्री करायची असेल तर लहान तुकडा पाण्यात दाबून ठेवावा आणि सकाळी पिळून पाहावा.

कार्पेटसाठी लोकरीचा मोह धरू नका. लोकर सुंदर दिसते, पण आपल्या हवेत ती वाळतच नाही. पॉलिप्रॉपिलिनचे सुईकाम केलेले, विणकाम नसलेले कार्पेट चौरस मीटरला साधारण पाऊण किलो भरते, कापल्यावर कडा उसवत नाही आणि टनेलच्या वळणावर ताणून बसते. कडांना रेक्झिनची पट्टी शिवून घेतली की काम देखणे होते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सीटकव्हर शिवणारे कारागीर हे काम सफाईने करतात, मात्र त्यांना कागदाचे साचे तुम्ही स्वतः कापून द्यावेत.

तळाचे कार्पेट चिकटवू नका. टिचबटणांनी बसवा, म्हणजे पावसात भिजल्यावर काढून गॅलरीत वाळत घालता येते. डिंकाने चिकटवायचे ते फक्त टनेलच्या बाजूचे आणि मागच्या कप्प्याचे.

डॉल्फिन_मालक

आमच्या घरी बंगळूरच्या सिपानीची डॉल्फिन आहे. ब्रिटनच्या रिलायंट किटनवर आधारलेली, ८४८ सीसीची ही गाडी १९८०च्या दशकातली, आणि तिचीही बॉडी फायबरचीच. त्या अनुभवावरून दोन मुद्दे जोडतो.

पहिला असा की फायबरच्या भिंतीला बुटाइल लावण्यात फारसे हशील नाही. राळ आणि काचेचे धागे यांच्या थरांत कंपन मुळातच बरेचसे जिरते, त्यामुळे टिचकी मारली तरी ती पत्र्यासारखी वाजत नाही. तिची अडचण उलट आहे: ती हलकी असल्याने इंजिनाचा आवाज तिच्यातून सरळ पार होतो. म्हणून जड व्हिनाइल लावायचेच असेल तर ते इंजिनाकडच्या भिंतीला आणि टनेलच्या पुढच्या अर्ध्या भागाला लावा, आणि तेही थेट न चिकटवता मध्ये फोम ठेवून, कारण व्हिनाइल भिंतीपासून मोकळे राहिले तरच ते खरे काम करते. चौरस मीटरला ५ किलोचे व्हिनाइल पाऊण चौरस मीटरभर लागेल. म्हणजे चार किलोच्या आत. फायबरची आतली खरखरीत बाजू आधी घासून तिच्यावर राळेचा किंवा रंगाचा हात द्यावा, कारण उघडे धागे पाणी ओढून घेतात. घासताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच.

दुसरा मुद्दा आगीचा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गाडीच्या आतील साहित्याच्या ज्वलनासाठी भारतात आयएस १५०६१ हे मानक आहे. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस ३०२ मध्ये ज्योत मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरू नये अशी अट आहे. सुटा फोम घेताना त्यावर असा कोणताही उल्लेख नसेल तर त्याचा एक तुकडा मोकळ्या जागी चिमट्यात धरून पेटवून पाहा. ज्योत दूर करताच विझला तर ठीक. थेंब गळत जळत राहिला तर तो गाडीत घेऊ नका. इंजिनाच्या बाजूने फोम मुळीच लावू नये, कारण त्याला तेल आणि पेट्रोल लागते. तिथे, तसेच तुमची नडगी भाजते त्या टनेलच्या गिअरबॉक्सकडील आतल्या अंगाला, ॲल्युमिनियम पृष्ठाचे काचतंतूंचे उष्णतारोधक कापड लावावे आणि कडा यांत्रिक पकडीने बसवाव्यात, नुसत्या डिंकाच्या भरवशावर ठेवू नयेत. डांबरी पॅडही टाळावेत. उन्हात उभ्या गाडीत ते मऊ पडतात आणि वास सोडतात.

मुलुंडचा_सारथी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. टॉर्चची युक्ती कालच करून पाहिली. स्टिअरिंगच्या दांड्याभोवती बोट जाईल एवढी फट आहे आणि वायरिंगचे एक ग्रोमेट मुळात बसवलेलेच नाही. सायलेन्सरचा मागचा हँगरही ताणून चौकटीला लागलेला आढळला. आता हिशेब असा दिसतो: बुटाइल दीड किलो, व्हिनाइल चार, फोम अर्धा ते पाऊण, कार्पेट दोन, एकूण आठ ते साडेआठ किलो. टनेलवर डिंक कोणता वापरावा?

चिरा_बाजार_पत्राकाम

फेव्हिकॉल एसआर ९९८ सारखा सिंथेटिक रबराचा डिंक पुरेल. दोन्ही पृष्ठांवर पातळ हात द्यावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे सुकू द्यावा आणि मगच वरून खाली दाबत यावे, कारण एकदा टेकले की सरकवता येत नाही. त्यातील द्रावक ज्वलनशील असतो, म्हणून बॅटरीची तार काढून आणि दारे उघडी ठेवूनच काम करावे.

हँगर आणि फटी आधी उरकून घ्या आणि ईस्टर्न फ्रीवेवर त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाने, फोनवरील डेसिबल ॲप लावून पुन्हा मोजा. फोनचा आकडा अचूक नसला तरी आधी आणि नंतरची तुलना करायला पुरतो. व्हिनाइलची गरज किती उरते ते त्यानंतर ठरवा. कार्पेट बसवताना चालकाच्या बाजूला टाचेखाली रबराचा जाड तुकडा शिवून घ्या, त्या बाजूच्या पुढच्या कडेला किमान तीन टिचबटणे ठेवा, आणि नवीन फोमच्या जाडीसह क्लच, ब्रेक व ॲक्सिलरेटर ही तिन्ही पेडल तळापर्यंत दाबून कुठेही कार्पेटला अडत नाहीत हे इंजिन बंद असताना तपासा. कार्पेट पेडलखाली जात असेल तर तेवढा भाग कापून तिथे नुसता रंगवलेला पत्राच ठेवावा.