घरी केलेले ब्रेकफास्ट सॉसेज भुसभुशीत का होते?

प्रश्न: अमेरिकेत आल्यापासून सेज या सुगंधी वनस्पतीची पाने आणि काळी मिरी घातलेले, आतड्यात न भरता चपट्या टिक्क्या थापून भाजलेले डुकराच्या मांसाचे सॉसेज आमच्याकडे रविवारच्या न्याहारीला होते, मात्र माझ्या टिक्क्या तव्यावर फुटतात आणि कोरड्या लागतात. काय चुकत असावे?

प्रतिसाद १: खांद्याचे मांस घ्यावे, त्यात साधारण २५ ते ३० टक्के चरबी असू द्यावी आणि किलोला १५ ते १८ ग्रॅम मीठ वजन करूनच घालावे. मांस व यंत्राची पाती फ्रीजरमध्ये चांगली गार केल्याशिवाय खिमा करू नये, कारण चरबी आधीच मऊ पडली की भाजताना ती निथळून जाते. मग मीठ व थोडे बर्फाचे पाणी घालून, तळहात उलटा केला तरी गोळा चिकटून राहील इतके मळावे. आपली चूक बहुधा इथेच आहे.

प्रतिसाद २: सहमत. आच मध्यम ठेवावी आणि आतले तापमान ७१ अंश सेल्सियस झाले की लगेच उतरवावे. कच्चे मिश्रण फ्रीजमध्ये दोन दिवसांहून अधिक ठेवू नये.

प्रश्नकर्ता: मी मीठ टिक्क्या थापल्यावर वरून भुरभुरवत होतो. मनःपूर्वक आभार.