मदत हवी आहे: मनेंद्रगडचे शिंपले आणि समुद्राची वाट

नमस्कार मंडळी,

मी नागपूरला भूगोल शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत छत्तीसगडमधल्या मनेंद्रगडला गेले होते. तिथे हसदेव नदीच्या काठच्या खडकात युरिडेस्मा या द्विपुट शिंपल्याचे जीवाश्म आहेत, वय सुमारे २८ कोटी वर्षं. आज कुठल्याही किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या त्या जागी हात टेकवून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

युरिडेस्मा थंड, उथळ पाण्यातला. जाड कवच, बिजागरीकडचा भाग तर फारच भक्कम, म्हणजे लाटांचा मारा सोसणारा. तोच शिंपला पूर्व ऑस्ट्रेलियात, नामिबियात, अर्जेंटिनात आणि पाकिस्तानातल्या मिठाच्या डोंगररांगेतही सापडतो, आणि बहुतेक ठिकाणी हिमनद्यांनी आणलेल्या गाळाच्या सोबतीनं. मनेंद्रगडलाही तो तालचीर थरांतच, म्हणजे हिमनद्यांच्या काळात साचलेल्या गाळाच्या खडकांतच आहे. (आपल्या चंद्रपूरजवळ इरईला त्याच काळातल्या हिमनदीनं ओरखडलेला खडक आहे, विदर्भातल्या मुलांना हे सांगायलाच हवं.) बर्फ वितळला, पाणी चढलं आणि समुद्र गोंडवनाच्या (भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया वगैरे जोडलेल्या त्या जुन्या महाखंडाच्या) आत शिरला, इथवर मला समजतं.

अडतंय ते पुढे. नववीच्या मुलांसाठी मला या समुद्राचा नकाशा काढायचा आहे. मनेंद्रगडपासून साधारण दीडशे किलोमीटरवर मध्य प्रदेशात उमरियाला याच सुमाराचा सागरी थर आहे, पण तिथे प्रॉडक्टससारखे ब्रॅकिओपॉड (दिसायला शिंपल्यासारखे, पण वेगळ्याच गटातले समुद्री प्राणी) भरपूर आहेत. हा फरक पाण्याच्या खोलीमुळे किंवा खारेपणामुळे पडला असेल, की दोन्ही थर वेगवेगळ्या वेळचे आहेत? एकाच खाडीची ही दोन टोकं म्हणून दाखवू, की समुद्र दोनदा आत आला असं? आणि बाण कुठल्या दिशेनं काढू, वायव्येकडून की ईशान्येकडून?

दुसरं, माझ्या फोटोंत बहुतेक शिंपल्यांचं एकच पुट, म्हणजे कवचाचा एकच अर्धा भाग दिसतोय. दोन्ही पुटं जोडलेली असती तर प्राणी जागीच गाडला गेला असं म्हणता आलं असतं. सुट्या पुटांवरून, ती लाटांनी थोडीशीच सरकवली की लांबून आणली, हे कसं ओळखायचं? कडांची झीज पाहायची का? तुकडा एकही उचललेला नाही, ती संरक्षित जागा आहे. त्यामुळे जे काही आहे ते फोटोंतच.

कुणी तालचीर थरांवर प्रत्यक्ष काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. चुकीचा बाण मुलांच्या वहीत जाऊ नये एवढीच काळजी आहे. फोटो खाली प्रतिसादात देते.