पोरांना घेऊन पहिल्यांदाच सिंगापूर, युनिव्हर्सल स्टुडिओजचं थीम पार्क एका दिवसात होतं काय?

खानापूरकर: मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं, दोन पोरं (५ आणि ९ वर्षं) आणि आई असे चाललोय, पहिलीच फॉरेन ट्रिप, खरं आईला तेवढं चालणं झेपेल काय? आणि फ्लाइट कुठून बघू?

निपाणीची वहिनी: बेंगळुरूहून डायरेक्ट आहे की भाऊ. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघा, खरं एअरपोर्ट देवनहळ्ळीला, स्टेशनपासून लई लांब, तेवढा वेळ धरा. पार्क होतं एका दिवसात. पोरांची उंची मात्र घरीच मोजा! ट्रान्सफॉर्मर्स राइडला एकट्याला १२२ सेंमी लागते, मोठं माणूस सोबत असलं तर १०२, रांगेत उभं राहून परत पाठवलं की धाकटं जे भोकाड पसरतंय ते विचारूच नका. आईंना व्हीलचेअर भाड्यानं घ्या, लाजायचं काय त्यात.

टिळकवाडीवाला: व्हिसा पोरांचापण वेगळा लागतो. अरायव्हल कार्ड (सिंगापुरात शिरायचा फॉर्म) पोचायच्या आधी ३ दिवसांत ऑनलाइन भरा, सरकारी साइटवर फुकट आहे, पैसे मागितले की समजा साइट दुसरीच. च्युइंगम नेऊ नका.

खानापूरकर: धाकटा १०४ भरला, बूट काढून 😀